धाप का लागते आणि कधी कधी लागतच नाही? परिस्थितीप्रमाणे श्वास कसा बदलतो

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसमधून ‘झेनिथ’ नावाचा बलून आकाशात झेपावला. बलूनमध्ये तिघं होते: गास्ताँ तिसाँदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिवेल. उंचावर हवा विरळ होते हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी ऑक्सिजनने भरलेल्या पिशव्या सोबत घेतल्या होत्या आणि त्यांच्या नळ्या हाताच्या अंतरावर ठेवल्या होत्या. बलून ८,००० मीटरच्या पुढे गेला. खाली उतरला तेव्हा फक्त तिसाँदिए जिवंत होते. बाकीचे दोघं ऑक्सिजनच्या पिशव्यांशेजारीच मरून पडले होते.

तिसाँदिए यांनी नंतर जे सांगितलं ते जास्त धक्कादायक होतं. वर असताना त्यांना गुदमरल्यासारखं झालंच नव्हतं. उलट छान, आनंदी वाटत होतं. नळी तोंडाला लावावी असं मनात आलं, तेव्हा हात उचलेना.

हवेसाठी आपण तडफडतो, मग हे दोघं न तडफडता कसे गेले? या प्रश्नाचं उत्तर समजलं की जिना चढताना लागणारी धाप, लेहला उतरल्यावरची डोकेदुखी, विहिरीत पैज लावून बुडी मारणारा मुलगा आणि घाबरल्यावर हातापायांना येणाऱ्या मुंग्या या सगळ्यांमागचं गणित उलगडत जातं.

श्वासाचा ताल कोण धरतं?

निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. दर श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. दिवसभराचा हिशोब केला तर श्वासांची संख्या २० हजारांच्या घरात जाते. यातला एकही श्वास आपल्याला आठवणीने घ्यावा लागत नाही.

हे काम मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा करते. तिथला चेतापेशींचा एक छोटा समूह ठराविक अंतराने इशारा देतो. तो इशारा फुप्फुसांखालच्या श्वासपटलापर्यंत आणि बरगड्यांमधल्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. श्वासपटल खाली सरकतं, छातीची पोकळी मोठी होते आणि हवा आत ओढली जाते. स्नायू सैल पडले की हवा बाहेर येते. म्हणजे विश्रांतीच्या वेळी श्वास घ्यायला मेहनत लागते, सोडायला जवळपास लागत नाही.

आत गेलेली हवा फुप्फुसातल्या कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोहोचते. तिथे ऑक्सिजन रक्तात उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पण अर्धा लिटर हवेतली सुमारे १५० मिलिलीटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते. तिचा उपयोग होत नाही.

या १५० मिलिलीटरमुळे मोठा फरक पडतो. मिनिटाला १० वेळा अर्धा लिटर हवा घेतली तर एकूण ५ लिटर हवा आत जाते आणि त्यातली साडेतीन लिटर वायुकोशांपर्यंत पोहोचते. तीच ५ लिटर हवा २० वेळा पाव-पाव लिटर करून घेतली, तर वायुकोशांपर्यंत जेमतेम २ लिटर पोहोचते. भरभर आणि उथळ श्वास घेणारा माणूस दमतो जास्त आणि त्याला हवा मिळते कमी, ती यामुळे.

शरीराचा भोंगा नेमका कशामुळे वाजतो?

श्वास रोखून धरला की थोड्याच वेळात छातीत कासावीस व्हायला लागतं. ‘ऑक्सिजन संपला’ असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो. कासावीस होतं ते साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे.

कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव किंचित आम्लधर्मी होतो. लंबमज्जेजवळच्या पेशींना हा बदल लगेच कळतो आणि त्या श्वास वाढवायला लावतात. श्वासाची सूत्रं प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतात, हे जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रिस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये दाखवून दिलं.

ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी यंत्रणाही शरीरात आहे. मानेतल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या जिथे दुभागतात, तिथे तांदळाच्या दाण्याएवढे दोन अवयव असतात. त्यांना कॅरोटिड बॉडी म्हणतात. रक्तातल्या ऑक्सिजनची खबर इथून मेंदूला जाते. यासंबंधीच्या संशोधनासाठी बेल्जियमचे शास्त्रज्ञ कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण ही दुसरी यंत्रणा उशिरा जागी होते. ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय ती जोरात ओरडत नाही. शिवाय ती ओरडली आणि श्वास वाढला, की कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो आणि पहिला भोंगा आणखी शांत होतो.

थोडक्यात, हवा कोंडली तर शरीराला लगेच कळतं, पण हवा विरळ झाली तर तेवढं कळत नाही. झेनिथमधल्या प्रवाशांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत नव्हता, त्यामुळे जीव घुसमटला नाही. ऑक्सिजन मात्र मेंदूला पुरेनासा झाला आणि निर्णय घेण्याची ताकदच आधी गेली.

व्यायाम: पळायच्या आधीच श्वास वाढतो

विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा पुरते. जोरात पळताना हाच आकडा १०० लिटरच्या पुढे जातो आणि कसलेल्या खेळाडूंमध्ये १५० लिटरही ओलांडतो. आधी श्वास खोल होतो, मग त्याचा वेग वाढतो. पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू श्वास बाहेर ढकलायलाही मदत करू लागतात.

यातली एक गोष्ट शास्त्रज्ञांना बराच काळ कोड्यात टाकत होती. पळायला सुरुवात केल्यावर पहिल्या काही सेकंदांतच श्वास वाढतो. तोपर्यंत रक्तातले वायू बदललेले नसतात. म्हणजे भोंगा वाजण्याआधीच शरीर तयारीला लागलेलं असतं. मेंदू पायांच्या स्नायूंना ‘पळा’ म्हणतो, त्याच वेळी श्वासकेंद्रालाही सावध करतो. हलणाऱ्या सांध्यांकडून आणि स्नायूंकडूनही निरोप येतात. परिणामी मध्यम व्यायामात रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास होता तिथेच राहतो.

व्यायाम फार जोराचा झाला की स्नायूंमध्ये लॅक्टेट आणि आम्ल वाढतं. ते आम्ल उतरवण्यासाठी शरीर आणखी कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. बोलता बोलता चालणाऱ्या माणसाला एका टप्प्यानंतर वाक्य पूर्ण करता येत नाही, तो हाच टप्पा. थांबल्यावरही काही मिनिटं धाप राहते, कारण चढलेलं आम्ल, वाढलेलं तापमान आणि मागे पडलेला ऑक्सिजनचा हिशोब मिटायला वेळ लागतो.

नियमित व्यायामाने फुप्फुसं मोठी होतात असा समज आहे. प्रौढांच्या बाबतीत तसं फारसं होत नाही. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं आणि स्नायू मिळालेला ऑक्सिजन नीट वापरायला शिकतात. त्यामुळे तेच काम कमी आम्ल तयार करतं आणि तोच जिना कमी धापेत चढता येतो.

उंची: ऑक्सिजनचं प्रमाण नाही, दाब कमी होतो

डोंगरावर ‘ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं’ असं सर्रास म्हटलं जातं. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण एव्हरेस्टच्या शिखरावरही सुमारे २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. एव्हरेस्टवर तो एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. म्हणजे छातीत तेवढीच हवा भरली, तरी तिच्यात ऑक्सिजनचे कण कमी.

मुंबईहून विमानाने थेट लेहला उतरलेल्या माणसाची कॅरोटिड बॉडी काम सुरू करते आणि श्वास वाढतो. पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि श्वासकेंद्र उलट ‘हळू घे’ असं सांगू लागतं. या ओढाताणीत रात्री झोपेत श्वास वाढतो, कमी होतो, काही सेकंद थांबतो आणि माणूस दचकून जागा होतो. नवख्या प्रवाशाला याची भीती वाटते, पण उंचीवर ही सामान्य गोष्ट आहे.

यातून वाट काढतात ती मूत्रपिंडं. ती रक्तातलं बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून रक्ताचा तोल पुन्हा जागेवर आणतात. मग श्वासाला मोकळीक मिळते. याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशींची संख्या वाढायला तर आठवडे लागतात. लेहला पोहोचल्यावर पहिले एक-दोन दिवस आराम करा असं सांगतात, ते मूत्रपिंडांना हा वेळ मिळावा म्हणून. काही प्रवाशांना डॉक्टर ॲसिटाझोलामाइड देतात, ते औषधही बायकार्बोनेट बाहेर टाकण्याचं हेच काम लवकर करून घेतं.

हा वेळ दिला नाही तर काय होतं, याची मोठी नोंद भारतीय लष्कराच्या डॉक्टरांकडे आहे. १९६२ च्या युद्धकाळात सपाटीवरचे जवान झटपट हिमालयात पोहोचवले गेले आणि अनेकजण आजारी पडले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजाराविषयीच्या जागतिक वैद्यकीय साहित्यात तो आजही महत्त्वाचा मानला जातो.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं ट्रेक करणाऱ्यांची इथे फसगत होऊ शकते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे राज्यातला एकही गड शरीराची ही परीक्षा घेत नाही. धडधाकट, व्यायाम करणाऱ्या माणसालाही हा त्रास होतो, उलट जोमाने भरभर चढल्यामुळे त्याला धोका वाढतो. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा सल्ला असतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणं ही पहिली पायरी. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी ही फुप्फुसात पाणी साठल्याची चिन्हं. तोल जाणं, बरळणं ही मेंदूला सूज आल्याची. या दोन्ही स्थितींत ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणणं जिवावर बेतू शकतं. ऑक्सिजन द्यायचा आणि खाली उतरवायचं, हाच खात्रीचा मार्ग.

पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहणाऱ्या लोकांमध्ये वेगळेच बदल झालेले दिसतात. अँडीज पर्वतातल्या लोकांचं हिमोग्लोबिन वाढलेलं असतं. तिबेटी लोकांचं तेवढं वाढत नाही. त्यांच्यात ‘ईपास१’ या जनुकाचा एक खास प्रकार आढळतो, त्यामुळे रक्त फार दाट होत नाही. हा प्रकार डेनिसोवन या नामशेष मानवांकडून आला असल्याचं २०१४ मध्ये समोर आलं. ८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेस्नर आणि पीटर हाबेलर सिलिंडरशिवाय एव्हरेस्टवर पोहोचले, तेही सावकाश सवय झालेल्या शरीराच्या जोरावर. तेवढ्या उंचीवर विमानातून एकदम सोडलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडेल.

पाणी: पैज जिंकायच्या नादात

चेहऱ्याला गार पाणी लागलं आणि श्वास रोखला की हृदयाचे ठोके मंदावतात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त हृदय व मेंदूकडे वळतं. सील, देवमासे यांच्यात हे फार ठळकपणे होतं, माणसातही थोड्या प्रमाणात होतं. प्लीहासुद्धा आकसून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. आग्नेय आशियातल्या बाजाऊ समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून मासे पकडतात. त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे ५० टक्के मोठी असल्याचं २०१८ मधल्या एका अभ्यासात आढळलं.

सर्वसाधारण पोहणाऱ्याला मात्र एक घातक युक्ती माहीत असते. पाण्याखाली जास्त वेळ राहण्यासाठी आधी जोरजोरात, भरभर श्वास घ्यायचे. त्यामुळे ‘ऑक्सिजन भरून घेतला’ असं वाटतं. पण निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९५ टक्क्यांहून जास्त भरलेलं असतं, त्यात फारशी भर पडत नाही. होतं एवढंच की कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि भोंगा उशिरा वाजतो. तो वाजण्याच्या आधीच ऑक्सिजन इतका उतरतो की मुलगा पाण्याखालीच शुद्ध हरपतो. धडपड नाही, हाका नाही. काठावरच्या मित्रांना वाटतं, गडी पैज जिंकतोय.

वर येतानाचे शेवटचे काही मीटर सर्वांत धोक्याचे असतात. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो, त्यामुळे उरलेला ऑक्सिजन पुरेसा वाटतो. वर येताना दाब उतरतो आणि तोच ऑक्सिजन एकदम अपुरा पडतो. विहीर असो की तलाव, पाण्याखाली श्वास रोखण्याची पैज लावू नये आणि बुडीआधी भरभर श्वास घेऊ नये. अतिथंड पाण्यात अचानक उडी मारली तर आपसूक मोठा श्वास आत ओढला जातो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो.

विहीर, गटार आणि बंद न्हाणीघर

भोंग्याची ही मर्यादा सर्वाधिक जीव घेते ती बंदिस्त जागेत. वापरात नसलेली विहीर, मैल्याची टाकी, गटाराचं चेंबर अशा ठिकाणी ऑक्सिजन वापरला गेलेला असतो किंवा त्याची जागा दुसऱ्या वायूंनी घेतलेली असते. ऑक्सिजन १० टक्क्यांच्या खाली असेल तर माणूस बघता बघता कोसळतो, आणि ६ टक्क्यांच्या खाली असेल तर एक-दोन श्वासांत. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘आता वास येत नाही’ ही तिथे चांगली खूण नसते.

अशा घटनांच्या बातम्यांत मृतांचा आकडा बहुधा एकाहून जास्त असतो. पहिला पडला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. वाचवायला उतरणाऱ्यालाही गुदमरल्याची पूर्वसूचना मिळत नाही. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. ज्योत विझली तर ऑक्सिजन कमी आहे हे कळतं, पण ज्योत तेवत राहिली म्हणजे विषारी वायू नाही असं होत नाही. शिवाय मिथेन असेल तर स्फोट होऊ शकतो. वायू मोजण्याचं यंत्र, हवा खेळती करणं, बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि वर ओढायला दोर या गोष्टींशिवाय कुणीही उतरू नये. गटारं व टाक्या माणसाने सुरक्षा साधनांशिवाय उतरून साफ करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूसाठी कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला.

कार्बन मोनॉक्साइड तर घरात शिरतो. हवा यायला-जायला जागा नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा थंडीत बंद खोलीत पेटवलेली शेगडी, यातून तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. रक्तात विरघळलेला ऑक्सिजन मात्र तेवढाच राहतो, म्हणून कॅरोटिड बॉडी गप्प बसते. साधा ऑक्सिमीटरही फसतो आणि आकडा चांगला दाखवतो. अंघोळ करताना डोकं जड झालं, पाय लटपटले तर दार उघडून आधी बाहेर पडावं.

भीती आणि ताण: हवा जास्त, तरी घुसमट

आता उलटी बाजू. परीक्षा, भांडण, अपघाताची बातमी असं काही समोर आलं की शरीर पळण्याच्या तयारीला लागतं. श्वास वाढतो. पण माणूस पळत नाही, खुर्चीतच बसून असतो. स्नायूंनी जादा कार्बन डायऑक्साइड तयार केलेला नसतो, तरी तो बाहेर फेकला जातो.

तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते. रक्तातल्या कॅल्शियमचा तोल बदलतो, त्यामुळे ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं वाकडी होतात. माणसाला वाटतं, हवा पुरत नाही, म्हणून तो आणखी जोरात श्वास घेतो आणि त्रास आणखी वाढतो. त्या वेळी त्याच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो.

पूर्वी अशा वेळी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगत. आता डॉक्टर हा उपाय सुचवत नाहीत, कारण तीच लक्षणं दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळीचीही असू शकतात आणि तिथे पिशवीने जीव धोक्यात येतो. त्यापेक्षा श्वास सावकाश सोडणं जास्त सुरक्षित. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला की शरीर शांत होत जातं. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास हा वेग यासाठी अनेक अभ्यासांत आढळतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप याच वेगावर येतो. प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजून पाहण्याची सुरुवात महाराष्ट्रातही झाली होती. त्यासाठी स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली.

गरोदरपण, झोप आणि आजार

गरोदरपणात पहिल्या काही महिन्यांतच धाप लागते. तेव्हा पोट वाढलेलंही नसतं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक भोंगा जास्त संवेदनशील करतं, त्यामुळे आत जाणारी हवा ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की बाळाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड तिच्याकडे सहज उतरतो. ही धाप बाळासाठी केलेली सोय असते. पण ती अचानक वाढली, छातीत दुखलं किंवा पायाला सूज आली तर तपासणी हवीच.

झोपेत भोंगा थोडा मंद होतो आणि घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा झोपेत वारंवार बंद होतो, श्वास अडतो, मग घोरण्याच्या मोठ्या आवाजासह ते अर्धवट जागे होतात. अशा माणसाला दिवसा पेंग येते, रक्तदाब वाढतो, गाडी चालवताना डुलकी लागते. काही मुलं जन्मतः असा दोष घेऊन येतात की झोपेत त्यांचा भोंगा जवळपास वाजतच नाही. त्यांना रोज रात्री यंत्राच्या मदतीने श्वास द्यावा लागतो.

मधुमेहात इन्सुलिन फार कमी पडलं तर रक्तात आम्ल वाढतं आणि शरीर ते उतरवायला खोल, न थांबणारे श्वास घेऊ लागतं. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर ॲडॉल्फ कुसमॉल यांनी या श्वासाचं वर्णन केलं. फुप्फुसं निरोगी असूनही अशी धाप लागली, श्वासाला फळासारखा वास आला आणि उलट्या होत असतील, तर ती तातडीची वेळ असते.

कोविडमध्ये याच्या उलट दिसलं. काही रुग्णांचा ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली होता, तरी ते फोनवर बोलत होते. ऑक्सिजन आत यायला अडचण होती, पण कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर पडत होता, म्हणून भोंगा शांत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घराघरांत पोहोचला आणि सहा मिनिटं चालून पाहण्याची चाचणी सुचवली गेली, ती यासाठीच.

कोणत्या श्वासाकडे दुर्लक्ष करू नये?

जिना चढून लागलेली आणि काही मिनिटांत उतरणारी धाप हे शरीराचं नेहमीचं काम आहे. खालील गोष्टी मात्र वेगळ्या:

• बसल्या जागी धाप लागणं किंवा एक वाक्य सलग न बोलता येणं.
• ओठ, जीभ निळसर दिसणं, गुंगी येणं, बरळणं.
• छातीत दुखणं, घाम फुटणं किंवा एका पायाला सूज येऊन अचानक दम लागणं.
• आडवं झोपल्यावर दम लागणं आणि उठून बसल्यावर बरं वाटणं.
• लहान मुलांत शांत असताना मोजलेला श्वास: दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त. खोकला, सर्दी असताना असा श्वास न्यूमोनियाची खूण असू शकते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. छाती खालून आत ओढली जात असेल तर थांबू नये.

यांपैकी काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठावा किंवा १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. घरात ऑक्सिजन सिलिंडर असला तरी तो स्वतःच्या अंदाजाने वाढवू नये. फुप्फुसाच्या जुनाट आजारात कार्बन डायऑक्साइड आधीच साठलेला असतो. अशा रुग्णाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर तो आणखी साठू शकतो. त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ टक्क्यांचीच मर्यादा ठरवतात.

झेनिथच्या प्रवाशांना पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने पत्र पाठवलं होतं. तुमच्याकडचा ऑक्सिजन पुरणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. पत्र वेळेत पोहोचलं नाही. आज विमानात बसल्यावर दर वेळी सांगितलं जातं की हवेचा दाब कमी झाला तर आधी स्वतःचा मास्क लावा, मग शेजारच्याला मदत करा. त्या सूचनेकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. ती सूचना आहे कारण एवढ्या उंचीवर शुद्ध टिकते ती एखादं मिनिट, आणि ते मिनिट सरत आलंय हे सांगायला शरीराकडे भोंगा नसतो.